थंडी वाजणारी गाडी

काचेहून पातळ, रंग नसलेली, हातात घेतली तर नुसती हवाच उचलल्यासारखी वाटणारी ती मोटारीची बॉडी बाबांनी दोन्ही हातांच्या बोटांवर तोलून खिडकीतल्या उन्हात धरली होती, आणि तिच्यातून पलीकडची पाण्याची काळी टाकी, दोरीवरचे टॉवेल, कडुनिंबाची एक फांदी असं सगळं किंचित वाकून, ताणून दिसत होतं… मी तेव्हा पाचवीत होते. दिवाळी होऊन गेली होती. कूलर पुसून जिन्याखाली रचले गेले होते तरी त्यांच्या ताट्यांमधला वाळ्याचा ओलसर वास घरात रेंगाळत होता, आणि नागपूरला वर्षातून जे तीन-साडेतीन महिने अंगाला लावून घ्यावंसं ऊन मिळतं, त्याचे ते पहिले दिवस होते. बाबांनी ती बॉडी मघाशीच भांड्यांच्या साबणाने धुतली होती, कारण माणसाच्या बोटाचं तेल आतून लागलं की त्या जागी रंग धरत नाही. मला त्यांनी जवळ बोलावलं खरं, पण हात पाठीमागे बांधून उभं राहायला सांगितलं. मी तशी उभी राहिले, आणि त्या रिकाम्या मोटारीतून मला बाबांचा चेहरा दिसला — एक डोळा मोठा, एक लहान.

ही रिमोटवर चालणारी मोटार म्हणजे दुकानातून आणली, सेल घातले आणि पळवली असं खेळणं नव्हे. बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानदाराने बाबांसाठी ती मुंबईहून मागवली होती, आणि आली ती एका चपट्या खोक्यातून, सुट्या सुट्या तुकड्यांत. तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू, दातेरी चक्रं, मुंगीच्या डोक्याएवढ्या गोळ्या असलेले बेअरिंग, रबराच्या कोऱ्या वासाची चार चाकं. महिनाभर रोज संध्याकाळी बाबा खापरखेड्याहून बसने घरी येत, हातपाय धुवून चहा घेत आणि इस्त्रीच्या टेबलावर ते खोकं उघडत. स्क्रूंसाठी आईच्या वाट्या जात, चक्रांसाठी पोह्यांच्या बशा जात, आणि मग पोहे ताटात खायची वेळ आली की आई म्हणायची, या घरात आता माणसांनी टेबलाखाली जेवायचं तेवढं राहिलं आहे. पण तीही अधूनमधून येऊन वाकून बघायची. चाकांचे हादरे झेलणाऱ्या शॉकअपमध्ये थेंब थेंब तेल भरताना बाबा श्वास रोखायचे, आणि त्यांच्यासोबत आम्ही दोघीही रोखायचो.

बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात मीटर आणि गेज दुरुस्त करण्याच्या विभागात होते. दाब किती, उष्णता किती, हे दाखवणाऱ्या काट्यांची ते देखभाल करत, आणि केसाएवढा काटा चिमट्याने उचलून जागेवर ठेवायचा हे त्यांचं रोजचं काम होतं. आमच्या वस्तीत त्यांच्या हातांचं मोठं नाव होतं. कुणाचं मनगटी घड्याळ, कुणाचा मिक्सर, कुणाच्या नथीतला निसटलेला मोती, सगळं आमच्याकडे यायचं आणि दुरुस्त होऊन जायचं. आईला त्याचा अभिमान होता आणि वैतागही होता, कारण यातलं काहीही करण्याबद्दल बाबा कुणाकडून चहासुद्धा घेत नसत. घरात मात्र मी त्यांचे हात बघत बसायचे. ते दिसायला काही खास नव्हते. बोटं जाडसर, नखं आखूड, अंगठ्यावर भाजल्याचा एक जुना डाग, आणि साबणाने कितीही धुतले तरी न जाणारा तेलाचा मंद वास…

इथे माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी जन्माची भित्री. पालीला भ्यायचे, प्रेशर कुकरच्या शिटीला भ्यायचे, दाराची घंटा दोनदा वाजली तर भ्यायचे. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस" ही म्हण आई माझ्याकडे बघूनच म्हणायची. पण या सगळ्या लहानसहान भीतींच्या तळाशी एक मोठी भीती होती, आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. ती होती आबाजींच्या हातांची. आबाजी म्हणजे बाबांचे वडील. ते कुहीजवळच्या आमच्या गावी राहायचे, धानाची शेती करायचे, आणि मला कळायला लागलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात हलत असायचे. थांबतच नसत. बसले असले की मांडीवर हलायचे, बोलत असले की हवेत हलायचे. एका लग्नात पंगतीत त्यांच्या हातातली वाटी कलंडून गरम वरण धोतरावर सांडलं, समोरच्या ओळीतली दोन-चार माणसं हसली, आणि बाबांनी आपलं ताट सरकवून, त्यांच्याजवळ बसून, सगळ्यांदेखत त्यांना घास भरवले. आबाजी तोंड उघडत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी सहा वर्षांची असेन. त्या रात्रीपासून मी झोपताना हात उशीखाली दाबून झोपायला लागले.

तर ती बॉडी. या गाड्यांच्या रंगकामाचं सगळंच उफराटं असतं. रंग बाहेरून लावायचा नसतो, आतून लावायचा असतो. म्हणजे गाडी आपटली, घासली तरी रंग खरवडला जात नाही. आणि आतून लावायचा म्हणून क्रमही उलटा. जी रेघ सगळ्यांत वर दिसायला हवी ती सगळ्यांत आधी, आणि मुख्य रंग सगळ्यांत शेवटी. भिंतीवर किंवा दारावर चुकलं तर त्यावरून दुसरा हात मारता येतो. इथे पहिला जो हात फिरला तोच जन्मभर समोर दिसतो, मागून कितीही थर द्या. मोटार मोरपंखी करायची होती, आणि तिच्या अंगावरून एक बारीक पांढरी रेघ जायची होती. खिडक्यांवर आतून कागदी टेप चिकटवून तो काचांच्या कडेने ब्लेडने कापायचा, हे काम बाबांनी सुरू केलं, आणि मी बाजूला हात बांधून उभी.

ब्लेड सरळ चाललं होतं. मागची काच झाली, एका बाजूची झाली. मग पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर ते एकदम थरकलं आणि कडेवरून आत जाऊन टेपसकट त्या स्वच्छ काचेवर केसासारखा एक ओरखडा उठला. फार नाही, अर्ध्या बोटाएवढा. बाबा थांबले. त्यांनी ब्लेड उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले की बोथट झालं आहे. नवं ब्लेड काढलं. ते लावताना त्यांनी उजवा हात टेबलाच्या कडेवर दाबून ठेवला, जसा मी माझा उशीखाली दाबायचे तसा, आणि उरलेला टेप हळूहळू कापून संपवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"गुड्डी, रेघ तू मार."

मी मारली. पांढऱ्या रंगाची रेघ, दोन टेपांच्या मधून, सगळ्यांत बारीक ब्रशने. भीतीने माझे कान गरम झाले होते, पण हात हलला नाही. बाबांनी ती उन्हात धरून पाहिली आणि आईला हाक मारली. आईने कौतुक केलं, रात्री शेवयांची खीर केली, आणि मी ती खाताना बाबांच्या चमच्याकडे बघत होते. चमचा ठीक होता. मग मला वाटलं की ब्लेडच बोथट असेल. घाबरट माणसाला जे वाटायला हवं असतं ते लवकर वाटतं.

पुढे मोरपंखी रंगाचे पातळ पातळ थर आम्ही गच्चीवर दिले, आणि वारा नसेल अशी सकाळ बघून वाळवले. तो वास अजून आठवतो, थोडा गोडसर, थोडा डोक्यात जाणारा, आणि त्यात शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मुगाच्या वड्यांचा वास मिसळलेला… शेवटी बॉडीवर बाहेरून कारखान्यातूनच लावून आलेला पातळ पापुद्रा बाबांनी नखाने उचलून सोलून काढला, आणि इतके दिवस धुरकट दिसणारी ती गाडी एकदम ओली झाल्यासारखी चमकली. मी टाळ्या वाजवल्या. पुढच्या काचेवरचा ओरखडा मात्र आता रंगाने भरून मोरपंखी झाला होता आणि आधीपेक्षा जास्त दिसत होता.

आमच्या वस्तीतल्या समाजभवनामागे सिमेंटचं मोठं अंगण होतं, आम्ही त्याला मैदानच म्हणायचो. रविवारी सकाळी तिथे वानखडेकाका आपली गाडी घेऊन यायचे. पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे ते, बाबांचे जुने मित्र, अंगाने भक्कम आणि आवाजाने त्याहून भक्कम, आणि या छंदाचा नाद बाबांना त्यांनीच लावला होता. त्यांच्या आजूबाजूला फिरायला आलेली वस्तीतली पाच-सहा माणसंही जमायची. आम्ही आमची गाडी पहिल्यांदा तिथे नेली त्या दिवशी थंडी चांगलीच होती. बाबांनी आधी रिमोट चालू केला, मग गाडी. हाच क्रम, नाहीतर गाडी सैरावैरा पळते. रिमोटला उजव्या बाजूला एक लहानसं चाक असतं, ते बोटांनी फिरवलं की तेवढीच गाडीची पुढची चाकं फिरतात. गाडी सिमेंटवर उभी होती, अजून सुटली नव्हती… आणि तिची पुढची दोन्ही चाकं थरथरत होती. डावीकडे-उजवीकडे, बारीक, भराभर, न थांबता.

वानखडेकाका खो खो हसले. "काहून गा, तुह्या गाडीले थंडी वाजून राहिली का?"

सगळे हसले. बाबाही हसले. म्हणाले, सर्व्हो खराब दिसतो. सर्व्हो म्हणजे चाकं वळवणारी काडेपेटीएवढी डबी. वानखडेकाकांनीही मान हलवली. या स्वस्तातल्या डब्यांचं असंच असतं, नवी मागव म्हणाले. मग बाबांनी गाडी पळवली. पळताना ती थरथर दिसत नव्हती, वळणं मात्र वेडीवाकडी होत होती. मी मोजून तीन वेळा पाहिलं: गाडी थांबली की चाकं पुन्हा थरथरायची.

नवी डबी यायला दोन आठवडे लागणार होते. त्यातल्या एका दुपारी बाबा कामावर होते आणि आई खालच्या बिऱ्हाडी पापड लाटायला गेली होती. मी कपाटावरून गाडी काढली. बॅटरी जोडताना मला घाम आला होता. आधी रिमोट, मग गाडी. ती फरशीवर ठेवली, रिमोट हातात घेतला, बोटं त्या चाकावर ठेवली आणि डोळे मिटले. उघडायचं धैर्य होत नव्हतं. मग उघडले. चाकं स्थिर होती. मी डावीकडे वळवली तर डावीकडे वळून स्थिर, उजवीकडे वळवली तर उजवीकडे वळून स्थिर. काहीही बिघडलेलं नव्हतं. कुकरची शिटी, पाल, घंटा… त्या क्षणी मला कळलं की या सगळ्या खोट्या भीती होत्या, आणि खरी भीती अशी असते: ती आल्यावर माणूस ओरडत नाही, गुपचूप वस्तू जागच्या जागी ठेवतो. मी गाडी कपाटावर ठेवली, स्टूल जागेवर ठेवलं आणि आई येईपर्यंत गृहपाठ केला.

मी आईला सांगायला हवं होतं. पण आईची एक आवडती म्हण होती, झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मला वाटत होतं की हे जोवर कुणाला माहीत नाही तोवर ते पूर्ण खरं झालेलं नाही. बाबांची नोकरी त्या हातांची होती. पंगतीतली ती हसणारी माणसं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मी रोज देवापुढे उभी राहून एकच मागायचे, नव्या डबीने गाडी बरी होऊ दे, म्हणजे जे मी पाहिलं ते चुकीचं ठरेल. अकरा वर्षांच्या मुलीचं गणित ते.

नवी डबी बाबांनी एका रविवारी सकाळी बसवली आणि आम्ही मैदानावर गेलो. नेहमीची माणसं होती. बाबांनी रिमोट चालू केला, गाडी चालू केली, आणि चाकं थरथरायला लागली. आधीपेक्षा जास्त.

या वेळी कुणी हसलं नाही. वानखडेकाका पुढे आले, गाडीवर वाकले, मग बाबांकडे बघायला लागले. गाडीकडून त्यांची नजर रिमोटकडे गेली आणि बाबांच्या हाताकडे निघाली हे मला दिसलं. "दे बरं इकडे, मी पाह्यतो," असं म्हणून त्यांनी रिमोट घ्यायला हात पुढे केला. तो त्यांच्या हातात गेला असता तर चाकं थांबली असती, आणि मग वस्तीतल्या सहा माणसांना, संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीला, आणि सोमवारी बाबांच्या विभागाला काय ते कळलं असतं. मी पुढे झाले आणि काकांच्या आधी बाबांच्या हातातून रिमोट ओढून घेतला. म्हटलं, काका, मी बघते, मला येतं.

आणि मी ते चाक हलवलं. तर्जनीच्या टोकाने, अगदी बारीक, कुणाला बोट हलताना दिसू नये इतकं बारीक, भराभर. सिमेंटवर गाडीची चाकं थरथरली, अगदी तशीच.

"घ्या," वानखडेकाका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "पोरीच्या हातातही तसंच. नवा बी डुप्लिकेट निघाला गा."

लोक दुकानदारांच्या लबाडीबद्दल बोलायला लागले. मी जिंकले होते. मी बाबांकडे बघितलं, कारण मला त्यांच्या चेहऱ्यावर सुटका पाहायची होती. ते गाडीकडे बघत नव्हते. माझ्या हाताकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते तिथेच अंगणाच्या पायरीवर बसले. मला वाटलं, मोठं संकट टळलं की माणसाचे पाय असेच जात असतील. थोड्या वेळाने ते म्हणाले, "चाल, घरी जाऊ," आणि घरापर्यंत त्यांनी माझा हात आपल्या मुठीत इतका घट्ट धरला होता की माझी बोटं दुखली. मी सोडवून घेतली नाहीत.

गाडी त्यानंतर कपाटावरच राहिली. बाबांनी तो विषयच काढला नाही, आणि मीही काढला नाही. मात्र त्या हिवाळ्यापासून घरातली सगळी बारीक कामं ते मला सांगायला लागले. सुईत दोरा ओव, गुड्डी. पेनात शाई भर. काठोकाठ भरलेला चहाचा कप स्वयंपाकघरातून गॅलरीत घेऊन ये, सांडू देऊ नको. दारापुढच्या रांगोळीत मोर काढ, त्याच्या पिसाऱ्याची एकेक रेघ काढ. मी करत असताना ते समोर बसून माझे हात बघायचे. आईला वाटायचं, पोरीला इंजिनिअर करायचं चाललं आहे. मला वाटायचं, बाबांना माझे हात उसने हवे आहेत, आणि मी ते जीव लावून द्यायचे. कप आणताना मला अजिबात भीती वाटत नसे. वाटायची ती बाबांनी कप ओठाला लावताना.

ते डॉक्टरकडे गेले नाहीत. मी आठवीत असताना कामावर त्यांच्या हातून एका नोंदीवर सही धड होईना, तेव्हा त्यांच्या साहेबांनीच त्यांना नेलं. पुढच्या खेपेला आई आणि मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून? बाबा म्हणाले, सहा महिने. मी खाली बघितलं; मला तीन वर्षं माहीत होती. डॉक्टरांनी विचारलं, घरात अजून कुणाला? बाबा म्हणाले, वडिलांना होतं. आणखी कुणाला? "नाही," बाबा घाईघाईने म्हणाले, "अजून कोणालेच नाही." मग औषधं सुरू झाली, बाबांना विभागात कागदांचं काम मिळालं, आणि आमच्याकडे दुरुस्तीला येणारी घड्याळं हळूहळू यायची थांबली. लवकर आला असता तर बरं झालं असतं, असं डॉक्टर एकदा सहज बोलून गेले होते. ते वाक्य मी कितीतरी वर्षं उशाशी घेऊन झोपले, कारण बाबांना त्या डबीवर विश्वास ठेवायला लावणारी मीच होते ना!

बारावीनंतर मला नागपुरातल्याच दंतवैद्यक महाविद्यालयात जागा मिळत होती. मला ते मनापासून हवं होतं. बारीक हत्यारं, बारीक काम, उजेडात वाकून बघणं. बाबांनी साफ नाही म्हटलं. कधी आवाज न चढवणारे बाबा त्या दिवशी म्हणाले, "हाताचं काम नको घेऊ. सरकारी परीक्षा दे, टेबलाचं काम घे." कारण सांगेनात. आई मध्ये पडली तर तिच्यावरही चिडले. मी तीन आठवडे त्यांच्याशी बोलले नाही. आणि खरं सांगायचं तर त्याहून वाईट काहीतरी माझ्या मनात आलं, आणि ते बरीच वर्षं तिथे राहिलं. मला वाटलं, स्वतःचे हात गेले म्हणून त्यांना माझ्या हातांचा राग येतो. मी परीक्षा दिली, सरकारी कचेरीत लागले, आणि आजही तिथेच आहे. काम वाईट नाही. फायली चढतात, उतरतात.

मागच्या हिवाळ्यात मी रजा घेऊन माहेरी गेले होते. बाबा आता फार बोलत नसत. आवाज खोल गेला होता, आणि काल-परवाचं, कधी कधी कितीतरी वर्षांमागचंही, त्यांच्याकडून निसटून जायचं. गॅलरीत ऊन आलं होतं. मी त्यांच्यासाठी संत्रं सोलत होते, फोडीचा पापुद्रा काढून बिया वेगळ्या करत होते, आणि ते नेहमीसारखे माझ्या बोटांकडे बघत होते. मी हसून विचारलं, काय बघता बाबा एवढं?

"अजून तं नाही," ते म्हणाले.

काय अजून नाही, मी विचारलं. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. "तुया हात. त्या दिवशी मैदानावर हालला होता ना… मंग नाही हालला. मी रोज पाह्यतो."

मला आधी काही कळेना, आणि मग ते तुटक तुटक सांगत गेले तसं हळूहळू सगळं कळायला लागलं. त्या रविवारी घरून निघण्याआधी बाबांनी नवी डबी तपासून घेतली होती. रिमोट टेबलावर ठेवून, त्याला हात न लावता. चाकं दगडासारखी स्थिर होती. डबी चांगली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि आपल्याला काय झालं आहे हेही त्या सकाळी कळून चुकलं होतं. ते त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जाणार होते. आणि मग चांगल्या डबीच्या गाडीची चाकं त्यांनी माझ्या हातात थरथरताना पाहिली होती.

"म्हणून गेले नाही का तुम्ही?" मी विचारलं.

"डॉक्टर इचारतेच ना, घरात अजून कोणाले हाये," बाबा म्हणाले. "मंग तुयं नाव सांगा लागलं असतं. अकरा वर्साची होती तू."

म्हणजे तो चहाचा कप, सुईतला दोरा, मोराच्या पिसाऱ्याची एकेक रेघ… मला माझे हात उसने मागितले जात आहेत असं वाटत होतं, आणि समोर बसून एक माणूस रोज माझ्या हातांची परीक्षा घेत होता, रोज मी पास झाले की एका दिवसापुरता श्वास सोडत होता. मी हातातलं संत्रं खाली ठेवलं आणि त्यांना सगळं सांगितलं. दुपारी काढलेली गाडी, काकांची हाताकडे निघालेली नजर, तर्जनीचं टोक. म्हटलं, मला काही झालं नव्हतं बाबा. मी मुद्दाम हलवलं होतं. तुमचं कुणाला कळू नये म्हणून.

मग त्यांनी आपला हलता हात पुढे केला आणि माझा हात त्यात घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. त्यांचा चेहरा उजळत गेला. असा उजळलेला चेहरा मी त्या मोरपंखी गाडीचा पापुद्रा निघाला तेव्हा पाहिला असेन, त्यानंतर नाही. मला रडू येत होतं आणि ते मात्र हसत होते.

"म्हणजे तुले काहीच नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं, बाबा."

त्यांनी मान हलवली. जरा वेळाने त्यांच्या कपाळावर एक आठी आली, काहीतरी हिशेब न लागल्यासारखी, आणि त्यांनी अगदी साध्या, निरागस कुतूहलाने मला विचारलं,

"मंग तू दाताची डॉक्टर काहून नाही झाली, गुड्डी? तुले तं लय आवडत होतं."

गॅलरीतलं ऊन त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. स्वयंपाकघरात आईने फोडणी टाकली होती. ते खरोखर उत्तराची वाट बघत होते, आणि आपल्या त्या नकाराचं त्यांना काहीही आठवत नव्हतं.

"मार्क कमी पडले, बाबा," मी म्हटलं, आणि बिया काढलेली एक फोड त्यांच्या तोंडात दिली.